मुलीत संपलेलं घराणं

आमचे साहेब दिवसा लुसैलची वाळू मोजायचे आणि उरलेल्या वेळात इंग्लंडमधली कित्येक शतकांपूर्वीची शेतं. लुसैल तेव्हा शहर वगैरे काही नव्हतं. दोह्याच्या उत्तरेला खुंट्या मारलेली, दोऱ्या ताणलेली वाळू, आणि नकाशावर मात्र टॉवर, रस्ते, बागा. आमची कंपनी सर्व्हेची. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर होते. नाव भारदस्त, काम मात्र नकाशांना नंबर द्यायचे आणि हरवले की शोधून काढायचे.

साहेब इंग्रज, निवृत्तीला आलेले. त्यांच्या शोधात मी पडले ती रमजानमुळे. रमजानात ऑफिस दुपारीच सुटायचं. नवरा लांब रास लफानच्या गॅस प्रकल्पावर कामाला. कंपनीच्या बसनं यायला त्याला संध्याकाळ व्हायची. अल हिलालच्या फ्लॅटमध्ये एकटीनं जाऊन बसण्यात मला काही रस नव्हता. एके दिवशी साहेबांनी झेरॉक्सचा एक जाडजूड गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, याचा तक्ता करून देशील का? मी हो म्हटलं. मला तक्ते आवडतात.

गठ्ठ्यात त्यांच्या घराण्याचे, म्हणजे त्यांच्या आडनावाच्या माणसांचे, जमिनीसंबंधीचे जुने उल्लेख होते. मूळ लॅटिन, पण कुणीतरी त्यांचे इंग्रजी गोषवारे करून ठेवलेले. पहिल्याच पानावर ‘नाइट्स फी’ असं होतं. मला वाटलं, सरदारांना काहीतरी फी भरावी लागत असेल, आपण शाळेत भरतो तशी. साहेब हसले. फी म्हणजे जमीनच. सगळी जमीन राजाची. राजा ती बड्या उमरावांना द्यायचा, ते धाकट्यांना, आणि बदल्यात त्यांनी लढाईला घोडेस्वार पाठवायचे. एक घोडेस्वार पाठवण्याजोगी जमीन म्हणजे एक फी. साहेबांच्या पूर्वजांकडे अर्धी फी होती.

“मग ते अर्धा माणूस कसा पाठवायचे?” मी विचारलं. “वरचा अर्धा की घोड्याकडचा?”

त्यांनी गंभीरपणे सांगितलं की तेवढे पैसे द्यायचे, किंवा निम्मे दिवस माणूस पाठवायचे. विनोदाला असं उत्तर दिलं की मी पुन्हा करत नाही.

बाकी मला ते सगळं ओळखीचंच वाटलं. त्या कागदांत कुणीही जमिनीचा मालक नव्हता. जो तो ती नुसती ‘धरून’ होता. आमच्या सातबाऱ्यावर तरी मालक कुठे असतो, भोगवटादारच असतो. धरणारा मेला की राजाचा अधिकारी गावात यायचा, शेजारपाजारच्यांना गोळा करून शपथेवर विचारायचा, मयत काय धरून होता, कशाच्या बदल्यात, आणि वारस कोण, किती वयाचा. तलाठी आणि पंच, दुसरं काय. बदल्यात काय द्यायचं तेही मजेशीर. कुणी वर्षाला एक गुलाबाचं फूल, कुणी शेरभर मिरी, कुणी घोड्याला टोचायची, टाचेला बांधायची सोनेरी मुलाम्याची आर.

साहेबांचं कोडं एकच होतं. आजा, बाप, मुलगा असे तिघे एका गावात ती अर्धी फी धरून होते, आणि पुढे त्या गावातून हे आडनाव एकदम गायब. काहीतरी मोठं घडलं असणार अशी त्यांची पक्की समजूत होती. बंडात सामील झाले असतील, राजाची मर्जी फिरली असेल. बोलताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही असायचा. पूर्वजाचं डोकं राजानं उडवलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता.

याच सुमाराला शुक्रवारी सकाळी दादाचा गावाहून फोन आला. दादा माझा थोरला भाऊ, आम्ही दोघंच. वडील जाऊन वर्ष झालं होतं, आई त्याआधीच गेलेली. वर्षश्राद्धाला मी गेले होते तेव्हा वहिनीनं निघताना जरीची साडी दिली होती, नेहमीपेक्षा चांगलीच भारी. मी तेव्हा नुसती खूश झाले होते.

“तुझी एक सही पायजे बघ,” दादा म्हणाला. “हक्कसोडीची. काय इशेष न्हाई. तलाठी अडून बसलाय.”

“वकिलातीत जावं लागंल,” मी म्हटलं.

“मग जा की. मसुदा कुरियरनं धाडलाय. मामाच्या नावानं मुखत्यारपत्र करायचं, बाकीचं आमी बघतो.”

मी बरं म्हटलं. आमच्याकडे बहिणी बरंच म्हणतात. बाप गेला की बहीण जमिनीवरचा हक्क भावासाठी सोडते, भाऊ साडीचोळी करतो, आणि माहेर शाबूत राहतं. न सोडणाऱ्या बहिणीही असतात. त्यांच्याविषयी गावात कसं बोललं जातं ते लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. माझ्या आत्यानं सोडला होता, आईनं सोडला होता. मला विहिरीकडचा मळा हवा होता असंही नाही. मी इथून जाऊन तो कसणार थोडीच होते. पण फोन ठेवल्यावर मला राग आला. दादानं ‘देतेस का’ असं विचारलं नव्हतं. नुसतं विचारलं असतं तर मी आनंदानं दिला असता, असं मी नवऱ्याला म्हटलं.

“देऊन टाक,” नवरा म्हणाला. “उगाच माहेरात वाईटपणा कशाला घेतेस?”

“देणारच आहे. पण विचारावं तरी.”

“त्यात विचारायचं काय?” तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. मग मसुदा आला. मी तो कपाटात, पासपोर्टांच्या पिशवीत ठेवून दिला आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले.

ऑफिसात साहेबांचा तक्ता वाढत होता. मी तो आडनावाप्रमाणे लावला होता, म्हणजे हवा तो माणूस चटकन सापडावा. एके दिवशी इंग्लंडहून आणखी एका कागदाची प्रत आली. एक नवरा आणि त्याची बायको कोर्टासमोर उभं राहून तीच अर्धी फी तिऱ्हाइताला सोडून देत होते. आडनाव भलतंच. साहेब चक्रावले. ही दोघं कोण, आणि आपल्या घराण्याची जमीन यांच्याकडे आली कुठून?

त्यांनी माझ्या तक्त्यात ते भलतं आडनाव शोधलं. बाई सापडली. साहेबांनी मला हाक मारली आणि पडद्यावर बोट ठेवून विचारलं, हिच्या नावाच्या मध्ये या पुरुषाचं नाव काय करतंय?

मी पाहिलं. त्यात मला काही चुकीचं दिसेना. बाईचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग नवऱ्याचं आडनाव. लग्न झालेल्या सगळ्याच बायका मी अशा भरल्या होत्या. मला तो प्रश्नच पडला नव्हता. माझं स्वतःचं नाव असंच आहे, माझ्या आईचंही होतं.

साहेबांनी मूळ झेरॉक्स मागितली. ती त्याच पहिल्या गठ्ठ्यात होती, दुसऱ्याच कुठल्या गावाच्या एका तंट्याच्या कागदात, आणि तो गठ्ठा त्यांनी पुरता न वाचताच माझ्याकडे दिला होता. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: अमक्याची मुलगी, तमक्याची बायको. अमका म्हणजे ती जमीन धरणारा त्यांचा शेवटचा पूर्वज. मी ‘अमक्याची मुलगी’ गाळून टाकलं होतं. लग्नानंतर बापाचं नाव लावत नाहीत, म्हणून. साहेब इतके महिने आपल्या आडनावाखाली तिला शोधत होते आणि मी तिचं नाव बदलून तिला सासरी पाठवून मोकळी झाले होते.

मी चूक कबूल केली आणि आमच्याकडची पद्धत सांगितली. साहेब रागावले नाहीत. आधी मोठ्यानं हसले. मग बसून नव्या कागदाची शेवटची ओळ वाचून दाखवली. विकत घेणाऱ्याला हमी दिली होती ती बायकोच्या वारसांतर्फे, नवऱ्याच्या नव्हे. म्हणजे जमीन बायकोची होती, बापाकडून आलेली. बंड नाही, राजाची खप्पामर्जी नाही. बापाला मुलगा नव्हता, एवढंच.

“म्हणजे मुलीत संपलं,” ते म्हणाले. घराणी शोधणाऱ्यांचा हा ठरलेला शब्दप्रयोग आहे म्हणे. त्यांचा चेहरा उतरला होता.

“संपलं कसं?” मी म्हटलं. “मुलगी तर होती ना.”

त्यांनी चमकून वर पाहिलं. माझा आवाज ऑफिसात शोभेल त्यापेक्षा जरा चढला असावा. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी त्या कागदाबद्दल आणखी सांगितलं. ज्या शब्दानं त्या दोघांनी जमीन सोडली त्याचा अर्थ, आपला दावा सोडून देणे. मी म्हटलं, हक्कसोड. आमच्याकडे बहिणी करतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, त्यांना जमला नाही. मी विचारलं, तिला काय मिळालं? त्यांनी कागदात पाहिलं. एक ससाणा. पहिल्या पिसांतला, तांबूस. असं पुष्कळ कागदांत असतं, ते म्हणाले, नावापुरता मोबदला.

आमचा एक क्लायंट मीटिंगला येताना हातावर ससाणा घेऊन यायचा. रिसेप्शनमधल्या गालिच्यावर पेपर अंथरायला लागायचा. ससाण्यावर एका बाईची बोळवण होते हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे निदान साडी तरी नेसता येते.

“पण तिला विचारायचे हं,” साहेब म्हणाले. बायकोच्या जमिनीचा व्यवहार असला तर न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला घ्यायचा आणि एकटीला विचारायचा, तू हे मनापासून करते आहेस का? तिनं हो म्हटलं तरच पुढे.

“आणि कुणी नाही म्हणायची?”

त्याची नोंद नसते, साहेब म्हणाले. नाही म्हटलं की व्यवहारच होत नाही, मग कागद कुठून येणार?

त्याच आठवड्यात नवऱ्यानं रजा काढली आणि आम्ही वकिलातीच्या कामांचे कागद टाइप करून देणाऱ्या एका दुकानात गेलो. टाइप करणारा मल्याळी होता, हिंदीत बोलायचा. बोलणं त्याचं आणि नवऱ्याचं चाललं होतं. मी खुर्चीवर बसून दादाचा मसुदा पहिल्यांदा नीट वाचला. मी माझ्या राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणाच्याही दाबदडपणाला बळी न पडता हक्क सोडत असल्याचं त्यात आधीच लिहून ठेवलेलं होतं.

“मॅडम का पासपोर्टवाला नाम में फादर का नाम नहीं है,” टाइप करणारा नवऱ्याला म्हणाला. सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याची मुलगी वेगळ्या नावाची आणि पासपोर्टवरची बाई वेगळ्या नावाची. दोघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र आधी लागणार होतं.

म्हणजे हक्क सोडण्यासाठी मला आधी सिद्ध करावं लागणार होतं की मी माझ्या बापाची मुलगी आहे. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. नवरा म्हणाला, “अगं, त्यात काय, तेही टाइप करून घेऊ.” मी म्हटलं, “आज नको.” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कागद आवरले. आम्ही गाडीत बसून घरी आलो. वाटेत त्यानं एसी वाढवला, तेवढंच.

शुक्रवारी मीच गावी फोन लावला. दादा म्हणाला, “झालं का काम?”

“न्हाई झालं. दादा, मला एकदा इचार.”

“काय इचारू?”

“सही पायजे म्हणून सांगू नगंस. देतीस का, असं इचार.”

 मागं वहिनीचा आवाज ऐकू आला, काय म्हणत्यात म्हणून.  दादा वाईट माणूस नाही. मला सायकल त्यानंच शिकवली, त्याच विहिरीकडच्या वाटेवर. तो एकदा खाकरला.

“देतीस का?”

हो म्हणायचं मी महिनाभर ठरवून ठेवलं होतं. विचारलं की हो म्हणणार, हे नवऱ्याला सांगून झालं होतं, मैत्रिणींना सांगून झालं होतं.

“न्हाई,” मी म्हटलं.

त्यानं भांडण केलं नाही. बरं म्हणाला, उन्हाळा कसा आहे विचारलं, आणि फोन वहिनीकडे दिला. वर्षभरात सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव लागलं. मळा तोच कसतो, मी कधी काही मागितलं नाही. माहेरही तुटलं नाही. दर सुट्टीत मी जाते. पूर्वी गेल्या गेल्या मी स्वयंपाकघरात शिरायचे, झाकण काढून बघायचे, हातानंच घेऊन खायचे आणि वहिनी ओरडायची. आता वहिनी मला बाहेरच्या खोलीत बसवते, पाट मांडते, ताट वाढून आणते, आणि घ्या ना, घ्या ना, असा आग्रह करते.