मोगऱ्याचा वास कोणी अडवला नव्हता

मेलेल्या बाईच्या केसांत एक गजरा माळला तर नेमका कुणाचा धर्म बुडतो?

वैशाखात धुळ्याच्या छापखान्यात मी समाजसुधारणेच्या पत्रकाची मुद्रिते तपासत होतो, तेव्हा दोंडाईचाहून माणूस आला. आत्या गेली होती... विषमज्वराने. सारे गाव तिला अक्का म्हणे. लग्नानंतर लवकरच ती विधवा झाली आणि दिराच्या घरी राबून म्हातारी झाली.

त्या घरात तिच्या मालकीचे काही असेल तर ते मागचे परसू. मोरीचे पाणी वळवून तिने तिथे मोगरा, शेवंती, अबोली फुलवली होती. माझ्या वडिलांनी तिला लहानपणीच वाचायला शिकवले होते. पुस्तके मी धुळ्याहून नेत असे. दुपारी भांडी आटोपली की गल्लीतल्या मुली परसात जमत. अक्का गजरे ओवी आणि एकेक मुलगी मोठ्याने वाची. पान न अडखळता वाचले की गजरा तिचा. अडखळली तर अक्का हसून म्हणे, आज वेणी मोकळी घेऊन घरी जा. गजऱ्याच्या लोभाने किती जणी वाचायला शिकल्या!

माझी पत्रकेही तिने वाचून घेतली. एकदा म्हणाली, "तुन्हा कागदमा बठ्ठा राग शे, भाऊ. झाड एक बी नही." मी चिडलो. म्हटले, नुसता राग म्हणतेस; इतकी फुले पिकवतेस आणि एकही माळायची तुला बंदी, याचा राग नको यायला? तिने बोटांतला मोगरा नाकाशी धरला. "माले वास तं येस ना? तेवढा कोन अडावस?"

मला वाटले होते, तिला एवढ्याने पुरते. पुरत नव्हते. दुखण्यात मी भेटायला गेलो तेव्हा मुलींना बाहेर पाठवून तिने मला जवळ बोलावले. मेल्यावर तरी आपल्या अंबाड्यात एक गजरा घाला, इतकेच तिचे मागणे होते.

मी दोंडाईचाला पोचलो आणि माझ्या सांगण्यावरून मुलींनी गजरा ओवून आणला. अक्काचे दीर, नाना, दारात आडवे झाले. "विधवेले गजरा? उद्या गावले काय तोंड दाखाडू?" मी भांडलो. तिची इच्छा सांगितली. नाना म्हणाले, फूल लागले तर आमच्यातला कोणी खांदा देणार नाही. भाऊबंद एकेक करून मागे सरकले. ऊन चढत होते, ताटी तशीच पडून होती... शेवटी माझ्या वडिलांनीच त्यांतल्या एका मुलीच्या हातून गजरा घेतला आणि बाजूला ठेवला. ताटी उचलताना तो कुणाच्या तरी पायाखाली आला. अक्का बोडक्या अंबाड्याने गेली.

नानांना एकट्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. मागे सरकणारे सगळे आमच्या सुधारणेच्या सभांना टाळ्या वाजवणारे होते.

वाचकहो, माझे पत्रक फाडून टाकलेत तरी चालेल. पण तुमच्या घरात विधवा आई, बहीण, काकू असेल, तर आज संध्याकाळी फुले घेऊन तिच्याजवळ बसा. माळतेस का, म्हणून विचारा. पहिल्यांदा ती नको म्हणेल, दाराकडे बघेल. उठून दार लावू नका. उघड्या दारात तिला पुन्हा विचारा.