विधानसभेतला प्रश्न, आमच्या घरातला कागद

आज सोमवार. सकाळी दुकान उघडलं, दुपारी बंद करून घरी आलो.

ओट्यावर सरकारी दवाखान्यातले बाबू बसले होते. त्याच दवाखान्यात दोन महिन्यांपूर्वी माझी पत्नी वारली. डॉक्टर हजर नव्हते. आमदारांनी विधानसभेत प्रश्न टाकलाय, 'डॉक्टर गैरहजर होते, हे खरे आहे काय?'

बाबूंनी कागद पुढं केला. "मामा, मुंबईला उत्तर पाठवायचं हाय. 'आमची तक्रार न्हाई' म्हणून सही करा."

"पण डॉक्टर नव्हते की."

"आमदार एकदा इचारून मोकळे होतेत. आमी हितंच हाव." मग आत बघत म्हणाले, "पोरगी बाळंतपणाला आली म्हणं औशाहून. कितवा?"

"आठवा," मी बोलून गेलो.

सही केली नाही. नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. उद्या ते परत येणार आहेत.

सही दिली तर 'हे खरे नाही' असं उत्तर छापून येईल, माझ्या नावावर. नाही दिली, तर कळा सुरू झाल्यावर पोरीला कुठं नेऊ? नांदेडचा मोठा दवाखाना लांब आहे.

तुम्ही काय केलं असतं?

पोरगी झोपली आहे. आता उठून भाकरीचं पीठ मळतो.