मऊ खेकड्याचं बाळंतपण

पितांबर जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचा शिपाई. पण पिंप्राळ्यात पानाच्या टपरीवर त्याचं बोलणं ऐकावं! ‘आमच्या संशोधनात’ याखेरीज वाक्य सुरू व्हायचं नाही. संशोधन होतं तिथल्या प्राध्यापिका सुनंदाबाईंचं. सत्याऐंशी साली त्यांनी पीएचडीसाठी वाघूर नदीचे खेकडे टबांत पाळले होते. विषारी धातू खेकड्याच्या अंगात खाण्यातून किती साठतो, हे त्यांना पाहायचं होतं. पाणी दोन्ही टबांत स्वच्छ. डाव्या टबाला कॅडमियम मुरवलेल्या गोगलगायी, उजव्याला साध्या. दुसरं काही घालायचं नाही, ही बाईंची सक्त ताकीद.

एके दुपारी उजव्या टबातल्या एका खेकड्याने कवच टाकलं. अंग लोण्यासारखं मऊ, बिचारा कोपऱ्यात दबलेला. असा खेकडा आपलंच जुनं कवच खाऊन नवं घट्ट करतो; पण ह्याचं कवच सोबत्यांनीच फस्त केलं. पितांबर विरघळला. ओली बाळंतीण, आणि तोंडात घालायला काही नाही? डाव्या टबात टाकलेलं एक कवच आयतंच पडलं होतं. ते चुरून त्याने कोपऱ्यात सोडलं. मग हंगामभर तोच शिरस्ता.

घरी त्याने हे कौतुकाने सांगितलं. बायको बेबाबाई धुळ्याकडची, तोंडाची फटकळ.

“खेकडासनं बाळंतपण करतस! मन्या चार बाळंतपणमा एक लाडू तरी वळा का तुम्हीन?”

सहा महिन्यांनी पुण्याहून तपासणीचे आकडे आले. उजव्या टबातल्या खेकड्यांतही कॅडमियम! कॉलेजात कुजबुज सुरू झाली. एक प्राध्यापक तर म्हणाले, “बाई, आता त्यांचा रस्साच करा.” सुनंदाबाई हसल्या नाहीत. संध्याकाळी पितांबरला म्हणाल्या, “माझंच कुठेतरी चुकलं. विषय सोडते मी.”

पितांबरला ती चुरलेली कवचं आठवली. त्याला नोकरीत कायम करण्याचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर होता. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? दोन दिवस टपरीवरही तो मुका राहिला. लोकांना वाटलं, दाढ दुखतेय. तिसऱ्या दिवशी तो बाईंसमोर उभा राहिला.

“बाई, तुमचं नाही चुकलं. मी बाळंतिणींना खाऊ घातलं.”

“कोणत्या बाळंतिणी?”

“कवच टाकलेल्या. डाव्यांची कवचं चुरून.”

बाईंनी आकड्यांचा कागद पुन्हा उचलला. “पितांबर, विषाचे लाडू चारलेस रे त्यांना.”

ओरडल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. हे नाही सोसलं. मायेने दिलेला घासही आतून कसा असतो, हे देणाऱ्याला कुठे दिसतं?

बाईंनी अख्खं वर्ष बाद केलं. प्राचार्यांना कळवलं, ‘माझी देखरेख कमी पडली.’ पितांबर कायम झाला. बाईंचा प्रबंध वर्षभर लांबला, आणि गावाने त्याचीही चार कारणं शोधली. खरं एकही नव्हतं.

नवे खेकडे आले तेव्हा पितांबर म्हणाला, “बाई, डाव्या टबाच्या झाकणाला कुलूप लावा. किल्ली तुमच्यापाशी ठेवा.”

“किल्ली तुझ्याकडेच राहील,” बाई म्हणाल्या. “टाकलेलं कवच मात्र लगेच उचलायचं आणि वहीत लिहायचं.”

तो लिहू लागला. वळणदार अक्षरात, वेळेसकट. आणि उजव्या टबात एखादा मऊ पडला, की नोंद करून व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा, हात पाठीमागे घट्ट धरून.