पाद्र्याशेजारच्या दोन आठ्या

आमच्या हिला कुणाच्याही घरी पाणी दिलं, की ती आधी तांब्यावरचं नाव वाचायची. मग म्हणायची, "हात हललाय कोरणाऱ्याचा." घरची माणसं तांब्याकडं बघत राहायची आणि मी लाजेनं अर्धा व्हायचो. पलूसच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात तिनं तीस वर्षं नावं घातली. गावात निम्म्या ताटवाट्यांवर तिचंच अक्षर आहे. म्हणून काय पाहुण्यांची अब्रू काढायची?

एकदा सांगलीत रद्दीच्या दुकानात शिरली, ती तीन चित्रं घेऊनच बाहेर आली. तिन्हींत एकच गोरा पाद्री. डोक्यावर चौकोनी टोपी, फुगीर बाह्या, बारीक मिशी. तांब्याच्या पत्र्यावर कोरून मग कागदावर छापलेला. मी म्हणालो, "ह्यो कोन, तुझ्या शिराळ्याच्या माहेरचा?"

"आवं, माणूस सोडा. रेघ बघा, रेघ!"

पुढं तांब्यावर नाव घालायला आलेल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांकडून तिनं त्या पाद्र्याची कुंडली काढली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा विलायतेचा मोठा धर्मगुरू. पूजा मी सांगतो तशीच करा म्हणून लोकांच्या मागं लागला. शेवटी त्याचं मुंडकं उडवलं. निम्मे म्हणाले देवमाणूस गेला, निम्मे म्हणाले पीडा गेली. म्हणून एका चित्रात तो साधू दिसतो आणि दुसऱ्यात लबाड. तिसऱ्यात नुसता दमलेला.

तिन्ही चित्रं तिनं सोप्यात टांगली, माझ्या आईबापांच्या रांगेत! गावानं तिचं नाव 'पाद्रीण' ठेवलं. सून लग्न होऊन आली, तिनं सासरचे पूर्वज समजून तिघांना कुंकू लावलं आणि पाया पडली. मी कपाळ बडवून घेतलं. ही म्हणते, "असू दे. मेल्यावर तरी कुनी पाया पडलं बापड्याच्या."

त्या पाद्र्यानं माझा जीव खाल्ला. मी बांधावरून भावाला शिव्या दिल्या, की ही भिंतीकडं बोट करायची. "कोरलंय कुनी ते आदी बघा. दोस्तानं का दुस्मनानं?" सख्ख्या भावाचा मी दोस्त का दुस्मन, असं मलाच विचारायची! मी ओरडायचो. मग तिच्या नाकाच्या वर दोन उभ्या आठ्या पडायच्या. पुढं पुढं त्या कायमच्याच राहिल्या. त्या मी घातलेल्या. दुसऱ्या कुणावर ती कधी चिडली नाही.

माघात गेली. तीन दिवस ताप आला आणि संपलं.

तेराव्याला शिरवळहून पोरगा फोटो करून घेऊन आला. गोरीपान बाई, गळ्यात कधी न घातलेला हार, कपाळ नव्या ताटासारखं गुळगुळीत.

"ही कोन?"

"आई हाय की, दादा."

"तुजी असंल. माजी बायको न्हवं ही."

"आवं, स्टुडिओवाले सगळ्यांचंच असं करत्यात. चांगली दिसतीया की."

चांगली दिसून काय करू? दुसरा फोटो घरात नाही. रेशनकार्डावर नुसता काळा डाग आहे. रोज या परक्या बाईला हार घालायचा. चार महिन्यांत झालं असं, की डोळे मिटले तरी हीच गुळगुळीत बाई पुढं यायला लागली. माझी ती पुसत चालली.

मग गेल्या गुरुवारी मी फळीवरून तिचं कोरायचं मशीन काढलं. फोटो मांडीवर घेतला आणि काचेवरच, नाकाच्या वर, दोन रेघा ओढल्या. डावी बरी आली. उजवी घसरली ती भुवईपर्यंत गेली. हात हलला.

सून स्वयंपाकघरातून धावत आली. "मामा, काय केलं वं ह्ये! आत्यांच्या तोंडावर वरबाडलं! दोस्तानं केलं का दुस्मनानं?"

आमच्या हिचाच सवाल सुनेच्या तोंडून ऐकला. फोटो उचलला आणि त्या दमलेल्या पाद्र्याच्या शेजारी टांगला.

आता सोप्यातून जाताना ती माझ्यावर चिडलेली असते. बरं वाटतं.