करडीतला ठराव

भंडारा रोड स्टेशनला उतरलो तो एक प्रश्न घेऊनच. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये माझी हयात गेली. सगळे कामगार एक म्हणणारा आमचा लाल बावटा परप्रांतीय मजूर दारात आला की कसनुसा का होतो, यावर पुस्तकं वाचून मी कंटाळलो होतो. म्हटलं, जाऊन बघावं.

मोहाडीहून करडीला पोचलो तेव्हा रोवणी (भाताची लावणी) ऐन भरात होती. शेतमजूर युनियनच्या अध्यक्ष शेवंताबाई न्यायला आल्या होत्या. साठीच्या, फटकळ.

"जय भीम कॉम्रेड. पुस्तकात नाही ते दाखवते चला."

पहिल्याच बांधीत (बांध घातलेला शेताचा तुकडा) चिखलाने माझी चप्पल गिळली. छत्तीसगडहून आलेल्या टोळीतल्या सुखबतीने कोपरापर्यंत हात घालून ती काढून दिली आणि खळखळून हसली. पलीकडे गावातल्या बाया रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"मालक त्याईले कमी भावात गुत्त्यानं (ठेक्याने) काम देते," शेवंताबाई म्हणाल्या. "आमच्या बाया घरी बसून रायल्या."

"मग टोळीलाही युनियनमध्ये घ्या. दोन्हीकडच्या बायांना एकच दर मागा."

"आज बैठकीत तेच मांडून रायली मी. पाहू."

संध्याकाळी त्यांच्याकडे भात, लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी जेवलो. बैठक विहाराच्या अंगणात होती. सुखबतीची टोळीही बोलावली होती. ती मागे भिंतीला टेकून बसली. शेवंताबाई छान बोलल्या. मग रत्नमाला नावाची तरुण बाई उठली.

"बाई, बावटा आमी उचलला. मोर्चाले आमी गेलो. आता आमच्याच चुली थंड. याईले पाठवा, नाहीतं आमी दुसऱ्या झेंड्याखाली जातो. ते कवाचे बोलावून रायले."

तिचं काही खोटं नव्हतं. शेवंताबाई बराच वेळ एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. टोळीला परत पाठवायचा ठराव झाला. सगळ्यात शेवटी हात वर झाला तो शेवंताबाईंचा. भिंतीकडच्यांना कोणी विचारलं नाही.

"हे काय केलंत बाई?" मी चिडून म्हणालो.

"बायाच गेल्या तं बावटा कोनासाठी धरू, कॉम्रेड?"

पक्षाची भूमिका वरून येते असं मी समजत होतो. ती अशी समोर बसलेल्यांकडे बघून ठरते, आणि परक्या मजुराला ना मत असतं ना वर्गणीची पावती. मला फार उदास वाटलं.

सकाळी स्टेशनला जायला एकच टेम्पो होता. त्यात टोळीही होती; गावाशी वैर नको म्हणून मालकानेही त्यांना थांबवलं नव्हतं. रोवणी अर्धीच राहिली, त्यामुळे बोजाराही (रोवणी सरल्यावर मालकाने मजुरांना द्यायचं जेवण) बुडाला. वैनगंगेचा पूल मागे पडला. फलाटावर सुखबतीने विचारलं,

"बाबूजी, तुम भी तो बाहर के हो ना?"

"हो."

"तुमको डब्बा बाँध के दिया."

शेवंताबाईंनी दिलेला डबा माझ्या हातात होता. मी तो तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली आणि पलीकडच्या फलाटावर गेली.

वाटेत मला तो उघडवला नाही. घरी बायकोने उघडला तेव्हा भात आंबला होता.