आईचं नाव बंद होतं तेव्हा

आमची आई किडनीच्या यादीत होती, म्हणजे आम्ही सगळेच यादीत होतो म्हणा ना. नव्वदचं दशक संपत आलं होतं. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत फोन एकच, शेजारच्या सिंधी काकीकडे. हॉस्पिटलात तोच नंबर दिलेला. बोलावणं आलं की तस्सं निघायचं, म्हणून बाबा आईला बदलापूरला मावशीकडेसुद्धा मुक्कामाला सोडत नसत.

आणि त्या वर्षी आईने काढलं, दसऱ्याला नागपूरला जायचं, दीक्षाभूमीवर. बाबा भडकले. "डोकं फिरलंय का तुझं? तिकडे असताना किडनी आली तर?"

यादी सांभाळणाऱ्या बाईंना मीच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, नाव 'अ‍ॅक्टिव्ह' असलं तरच बोलावतात. ताप आला, लांब गावाला गेलं, की 'इनअ‍ॅक्टिव्ह' करतात. नाव कटत नाही, आधीचं थांबणं वाया जात नाही; फक्त तेवढे दिवस फोन येत नाही. परतलात की कळवा, पुन्हा चालू करू.

आईला लगेच कळलं. "नळावर हंडा लावून भाकऱ्या टाकायला घरी येतो, तसंच की!" बाबांना मात्र गॅसच्या नंबरासाठी घातलेले खेटे आठवत होते. "एकदा बंद झालेलं कुणी परत चालू केलंय?" ते अंबरनाथच्या कारखान्यात होते. मला रजा नाही, असं सांगून त्यांनी हात झटकले.

डॉक्टरांनी दोन डायलिसिसच्या मधले दिवस दिले, बाईंनी नाव तेवढ्यापुरतं बंद केलं. मी आणि आई गेलो. काय खूश होती बाई! पाणी घोट घोट प्यायची, पण बोलणं अखंड. पांढरी साडी नेसून त्या गर्दीत ती माझ्या पुढे चालत होती. किती महिन्यांनी तिला फोनच्या घंटेकडे कान लावून बसायचं नव्हतं! पुढे किडनी आलीच नाही, आई गेली. पण नागपूर तिला मिळालं याचा मला आजही आनंद आहे, आणि कुणी चूक म्हटलं तर मी भांडते.

त्या वेळी नागपूरहून परतलो तर घराला कुलूप. बाबा काकीकडे, फोनपाशी स्टुलावर बसलेले. काकी आईला म्हणाली, "तेरा आदमी ड्यूटी पे गयाच नहीं. रोज इधरच बैठता है."

आई ओरडली, "अहो, नाव बंद होतं ना! फोन येणारच नव्हता."

"माहीत होतं," बाबा म्हणाले. "पण तू नसताना घरात बसवेना."