सगुणामायची पायवाली कोठी

दवनीवाड्याच्या सगुणामायला कोणतीही वस्तू नुसती वस्तू म्हणून करताच येत नसे. चुलीला ती भुवया काढायची, दिवा ठेवायच्या दिवळीला मिशा. आमच्या शेजारी एकटीच राहायची आणि दिवसभर घोट्यापर्यंत चिखल तुडवत असायची. तिचे पाय धुतलेले मी कधी पाहिले नाहीत. कुणी विचारलं, "चुलीले भुवया कायले व?" तर म्हणायची, "घरात बोलाले कोनी पाहिजे ना. बिनतोंडाच्या चुलीसंगं का बोलू?"

आमच्या घरची धानाची कोठीही तिचीच. माणसाएवढी, मातीची, पोट सुटलेली, आणि धान काढायचं भोक बरोबर बेंबीच्या जागी. ओल लागू नये म्हणून कोठीला खाली पाय असतातच. सगुणामायने त्यांना सरळ पावलं केली, दहा बोटांसकट. डावा अंगठा तेवढा बाहेर वळलेला. तो बिघडला असावा, असं मला वाटे.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी त्या घरात सून म्हणून आले. हनुवटीपर्यंत पदर. दिसत होते फक्त पाय, आणि पाय दिसले की वाकायचं, एवढं आईनं बजावलं होतं. एका जोडीपाशी आशीर्वाद काही येईना. मी गुणाची सून, तशीच वाकून राहिले. मग सगळं घर हसायला लागलं. मी कोठीच्या पाया पडले होते, आणि शेजारी उभ्या मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, नंबर अजून लागायचा होता.

"माह्या आंधी कोठी?" म्हणत मामाजी कुदळ घेऊन आले. "हे पायच तोडतो आता."

पाय तुटले की कोठी आडवी, वर्षाचं धान घरभर, आणि मी जन्मभर कोठीफोडी. पदराआड मला रडू फुटलं. सगुणामाय दारातून म्हणाली, "तोडा जी. पर पोरीची का गलती? पाय दिसले, पडली पाया."

नेम धरायला मामाजींनी पाऊल पुढे टाकलं, ते कोठीच्या पावलावर पडलं. कुणाला पाय लागला की आपण करतो तसे ते सवयीनं झटकन वाकले, कोठीच्या पायाला हात लावला आणि कपाळाला नेला.

"अंदर धान आहे, म्हनून," मामाजी म्हणाले आणि कुदळ ठेवायला गेले ते जेवायलाच परत आले. सगुणामाय माझ्या कानाशी आली. "डरू नको व. आता तं सासराही तुह्या मांगं लायनीत आहे."

दहाएक वर्षांनी ती गेली. बायांनी तिला आंघोळ घातली, तेव्हा तिचे पाय मी पहिल्यांदा स्वच्छ पाहिले. डावा अंगठा बाहेर वळलेला होता. हसू आणि रडू एकदमच आलं. त्या पायांवर मी दुसऱ्यांदा डोकं ठेवलं आणि आशीर्वादाची वाट पाहत तशीच वाकून राहिले.